कोयनेच्या दरीखाली

(कराड येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी भूगोलाचे शिक्षक होते. भूगोल शिकवणाऱ्याच्या नावाने बोलायचे, आणि तेही कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ, तर विषय शोधत फिरायचे कारण नाही. कोयनेच्या धरणाविषयी, विजेविषयी, उठलेल्या गावांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकले आहे. आज मी त्या सगळ्याच्या खाली उतरणार आहे. ही दरी कोणत्या खडकावर वसली आहे, त्या खडकाला तडा कुठे आहे आणि तो आपल्याला कसा कळला, एवढेच मला सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. डोळ्यांना दिसणारा सह्याद्री एक आहे आणि हादरतो तो दुसराच. आपण मात्र अजून पहिल्यावर भिस्त ठेवून घरे बांधतो.

नदीपासून सुरुवात करू. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर, सरळ दक्षिणेकडे सुमारे ६५ किलोमीटर धावते. हेळवाकजवळ ती एकदम काटकोनात पूर्वेला वळते, पाटण मागे टाकते आणि इथे येऊन कृष्णेला समोरासमोर भेटते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या बहुतेक नद्या उगमापासूनच पूर्वेची किंवा आग्नेयेची वाट धरतात. जमिनीचा उतारच तसा आहे. कोयना तेवढी घाटमाथ्याला चिकटून दक्षिणेला का जाते? नदी कठीण कातळ टाळते. खडक जिथे भेगाळलेला, झिजायला सोपा असतो तिथे ती आपले पात्र कोरते. म्हणून इतकी सरळ दरी आणि इतके तीव्र वळण दिसले की भूशास्त्रज्ञाच्या मनात शंका येते, की खाली जुन्या भेगांची रांग असावी. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळायला भूकंप व्हावा लागला.

आधी वरचे थर पाहू. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाणाऱ्याने ते सगळे पाहिलेले असतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हा वाहिला, थिजला. मग काही काळ शांतता, आणि पुन्हा नवा लाव्हा. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश थिजलेल्या लाव्हाच्या या खडकाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे. भूशास्त्रज्ञांनी या थरांचे रासायनिक घटक तपासून त्यांचे गट पाडले. आपल्या भागातल्या तीन मोठ्या गटांना पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर अशीच नावे आहेत. पोलादपूर सर्वांत खाली, महाबळेश्वर वर. जगभरच्या शोधनिबंधांत ही आपल्या एसटीच्या थांब्यांची नावे आढळतात. हे थर अगदी किंचित दक्षिणेकडे कललेले आहेत. बेळगावच्या बाजूला गेलात की ते पातळ होत जातात आणि खालचे जुने खडक उघडे पडतात.

एकेक थर नीट पाहिला तर त्यातही भाग दिसतात. मधला गाभा भरीव, काळा, कठीण असतो. पाथरवट जाते आणि पाटा-वरवंट्यासाठी हाच दगड शोधतो. थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात. त्या पोकळ्यांत पुढे पाझरत्या पाण्याने पांढरी, हिरवट खनिजे भरली. विहीर खोदणारे या सच्छिद्र, ठिसूळ दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की पाण्याची आशा धरतात. दोन थरांच्या मध्ये कित्येक ठिकाणी विटकरी तांबड्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत हवा-पाण्याने खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती झाकली. हा तांबडा पट्टा पाणी सहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या बाजूने डोंगरात झरे फुटतात. कित्येक वाड्यांचे पाणी अशा झऱ्यांवर चालते. आणि सगळ्यांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी. तिलाच आपण सडा म्हणतो.

इतकी शिस्तशीर, आडव्या थरांची रचना पाहून कोणालाही वाटेल की इथे काही हललेले नाही. खडक आडवे, एकावर एक, मैलोन्‌मैल अखंड. दख्खनचे पठार म्हणजे देशाचा अढळ भाग, असे पुस्तकांत लिहिले जात होते ते उगाच नव्हे. हिमालयात थर उभे झालेले, दुमडलेले दिसतात. इथे तसले काही नाही. मग कोयनेचा प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेली भेग, नजरेतून सुटला कसा?

याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू वर-खाली सरकल्या तर एका बाजूचा तांबडा पट्टा दुसऱ्या बाजूला खाली गेलेला दिसतो आणि कड्यावर पायरी पडते. शाळेच्या पुस्तकात हेच चित्र असते. पण दोन बाजू आडव्या, एकमेकींना घासत सरकल्या तर? भाकऱ्यांची चळत मधोमध कापून दोन भाग जरा पुढे-मागे सरकवा. कापलेल्या जागी प्रत्येक भाकरीसमोर तीच भाकरी येते. काप आहे की नाही हे बाजूने पाहून कळत नाही. कोयनेत नेमके हेच आहे. थर आडवे आणि सरकणेही आडवे. तंत्राच्या भाषेत सांगायचे तर हा डावीकडे सरकणारा आडवा प्रस्तरभंग. एका बाजूला उभे राहून पाहिले तर पलीकडची जमीन डावीकडे गेलेली असते. असा भंग बेसॉल्टच्या कड्यावर स्वतःची खूण फारशी ठेवत नाही. कातळ अखंड दिसतो म्हणून जमीन स्थिर आहे, हा तर्क इथे पार फसला.

आता १९६७ कडे येऊ. धरण १०३ मीटर उंच, आठशे मीटरहून लांब, दगड आणि काँक्रीटचे. १९६२ पासून शिवसागर या त्याच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि जवळपास तेव्हापासूनच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने इथे भूकंपमापक बसवले. धक्क्यांची नोंद मोठ्या भूकंपाच्या आधीपासून ठेवली गेली, ही त्या काळातल्या अभियंत्यांची दूरदृष्टी. त्यांच्या नोंदी नसत्या तर पुढचा सगळा अभ्यास अंधारात चाचपडण्यासारखा झाला असता. १३ सप्टेंबर १९६७ ला एक जोराचा धक्का बसला. मग ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. तीव्रता ६.३. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची वस्ती जमीनदोस्त झाली. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ती पहाट आठवत असेल. माझ्यापेक्षा ती त्यांनी सांगावी.

मला त्या पहाटेच्या दोन खुणांबद्दल बोलायचे आहे. पहिली खूण जमिनीवरची. धरणाच्या दक्षिणेला कडोली, डोणीचावाडा, मोरगिरी या बाजूला जमिनीत भेगा पडल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आणि इतर संस्थांच्या तज्ज्ञांनी त्या मोजल्या. भेगा एका सलग रेषेत नव्हत्या. एकीमागे एक, पण दर वेळी जराशी बाजूला सरकून, अशी त्यांची रांग होती. जमिनीखाली आडवी सरक झाली की वरच्या खडकात अशाच तिरप्या भेगांची रांग उमटते. पूर्ण रांग मात्र उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य या दिशेने जात होती. दूरदेशीच्या भूकंपमापकांवरून काढलेली सरकण्याची दिशाही तिच्याशी जुळली. आज जगाच्या नकाशांवर या भंगाला डोणीचावाड्याचे नाव आहे.

दुसरी खूण धरणाच्या आतली. धरणाच्या गॅलरीत त्वरणमापक बसवलेला होता. त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के इतके कमाल त्वरण नोंदले. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक ५ टक्के होता. दोन्ही आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही, कारण एक क्षणभराचा झटका आहे आणि दुसरा आकडेमोडीसाठी धरलेला स्थिर भार. तरीही अपेक्षा आणि वास्तव यांत किती अंतर होते हे त्यांवरून समजते. धरणाला तडे गेले ते वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीला. धरण फुटले नाही. पाण्याची पातळी खाली आणून दुरुस्ती झाली, पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. कोयनेची ती नोंद आजही जगभर काँक्रीटच्या धरणांच्या गणितांची परीक्षा घेण्यासाठी वापरली जाते.

मग वाद सुरू झाला. धरणाने भूकंप केला का? मोठ्या जलाशयाजवळ धक्के बसतात हे अमेरिकेतल्या मीड सरोवराच्या अभ्यासातून १९४० च्या दशकातच पुढे आले होते. चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करीबा, ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांजवळ १९६२ ते १९६६ या काळात सहाहून अधिक तीव्रतेचे भूकंप झाले. त्यानंतर कोयना. आपल्याकडे हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी या विषयावर १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला आणि कोयना जगाच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आली.

एक साधा हिशेब मांडतो. शंभर मीटर पाण्याने तळावर हवेच्या दाबाच्या दहापट जादा दाब येतो. आकडा मोठा वाटतो. पण पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त असतो. म्हणजे जलाशयाने त्यात एक टक्काही भर घातलेली नाही. एवढ्या किरकोळ भारावर ६.३ चा भूकंप होत असेल, तर तिथला खडक आधीच तुटण्याच्या काठावर आला असला पाहिजे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेला सरकतो, हिमालयापाशी अडतो, आणि तो ताण सगळ्या द्वीपकल्पाच्या खडकांत साठत राहतो. भूकंपाची शक्ती तिथली. पाण्याने दोन गोष्टी केल्या. वजन वाढवले, आणि भेगांतून खोल झिरपून तिथल्या पाण्याचा दाब वाढवला. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात, त्या घर्षणामुळेच सरकत नाहीत. आतल्या पाण्याचा दाब वाढला की ती पकड तेवढी सैल होते. बाकीचे काम साठलेला ताण करतो.

म्हणूनच प्रत्येक धरणाजवळ भूकंप होत नाहीत. जायकवाडी, उजनी, भाटघर यांचे जलाशयही मोठे आहेत, पण तिथे कोयनेसारखे काही घडले नाही. भातसा जलाशयाजवळ १९८३ मध्ये धक्के बसले. वारणेचे धरण १९८५ पासून भरू लागले आणि १९९३ पासून धक्क्यांचा मोठा भाग दक्षिणेला, वारणेच्या बाजूला सरकला. तिथे सरकण्याची तऱ्हाही वेगळी. कोयनेकडे आडवी सरक, वारणेकडे जमीन खाली बसण्याची. एकाच २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात दोन तऱ्हा, आणि सहा दशकांहून अधिक काळ न थांबलेले धक्के. त्यात पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे वीसहून अधिक. पावसाळ्यात पाण्याची पातळी आठवड्याला १२ मीटरहून अधिक वेगाने चढली, किंवा पाणी पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेले, की मोठ्या धक्क्यांची शक्यता वाढते, असे निरीक्षण गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. जलाशय भरण्याचा वेग माणसाच्या हातात आहे. म्हणजे या भूकंपाच्या एका धाग्यावर तरी आपला ताबा चालतो.

आता तळमजल्यावर उतरू. भूकंप होतात ते बहुतेक दहा किलोमीटर खोलीच्या आत, पण बेसॉल्टच्या पुष्कळ खाली. मग बेसॉल्ट किती जाड आहे आणि त्याच्या खाली काय आहे, हे कळणे अगत्याचे होते. अनुमाने अनेक होती. कोणी म्हणे खाली गाळाचे खडक असतील, कोणी म्हणे आणखी काही. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने इथे खोल वेधनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठीची प्रयोगशाळा इथून जवळच, हजारमाचीला आहे. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ छिद्रे घेतली गेली आणि त्यांपैकी काहींत भूकंपमापक उतरवले गेले. रासाटीच्या छिद्रात ९३२ मीटरवर बेसॉल्ट संपला. गोठण्याच्या छिद्रात तो १,२४७ मीटरपर्यंत होता. हे छिद्र २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीपर्यंत गेले. दोन आकड्यांतला फरक बराचसा जमिनीच्या उंचीचा आहे. रासाटी दरीत, गोठणे उंचावर. बेसॉल्टचा तळ त्या मानाने सपाटच निघाला.

आणि त्याखाली? गाळाचा एक थरही नाही. काळा बेसॉल्ट संपतो आणि थेट ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म सुरू होतो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. वरचा खडक साडेसहा कोटी वर्षांचा. या दोन आकड्यांमध्ये पृथ्वीचे निम्म्याहून अधिक आयुष्य येते. तेवढ्या काळात इथे जे काही साचले असेल ते झिजून वाहून गेले, आणि उघड्या पडलेल्या ग्रॅनाइटच्या मैदानावर लाव्हा पसरला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर वेधन झाले तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा पातळ थर सापडला होता; कोयनेत तोही नाही. या जुन्या ग्रॅनाइटमध्ये भेगाळलेले, चुरडलेले पट्टे सापडले. तोच हादरणारा सह्याद्री. वरचे थर त्याच्यावर पांघरलेले आहेत, आणि त्या पांघरुणाच्या घड्यांवरून आत काय आहे ते समजत नाही.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे? धरण दोषी की निर्दोष, या खटल्यात वर्षानुवर्षे अडकण्यात मला अर्थ दिसत नाही. निकाल पुरेसा स्पष्ट आहे. ताण निसर्गाचा, निमित्त जलाशयाचे. जलाशय आहे, राहणार आहे, त्याच्या विजेवर आणि पाण्यावर महाराष्ट्र चालतो. प्रश्न आहे तो घरांचा. १९६७ मध्ये माणसे मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि जड छपरे कोसळून. २००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात हा परिसर चौथ्या भूकंपक्षेत्रात आहे. त्या क्षेत्रात बांधकाम कसे करावे याचे नियम छापलेले आहेत आणि ते सामान्य गवंड्यालाही जमण्यासारखे आहेत. जोत्याच्या पातळीला, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली काँक्रीटच्या सलग पट्ट्या. कोपऱ्यांत उभ्या सळ्या. दगडी भिंत बांधायचीच असेल तर ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे दगड, म्हणजे आतली आणि बाहेरची फळी वेगळी होऊन ढासळणार नाही. खिडक्या कोपऱ्याच्या अगदी जवळ नकोत. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण पाटण आणि जावळीच्या वाड्या-वस्त्यांत फिरून पाहा, किती घरांत हे सगळे एकत्र दिसते.

पाठ्यपुस्तकात प्रस्तरभंगाचे उदाहरण म्हणून आफ्रिकेतली खचदरी असते, आणि पाटणच्या मुलाला आपल्या गावाजवळून गेलेला डोणीचावाड्याचा भंग माहीत नसतो. गुरुजींच्या स्मरणार्थ जमलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की हा धडा वर्गात आणा. घाटातला तांबडा पट्टा मुलांना हात लावून पाहू द्या. ग्रामपंचायतींना विनंती आहे की घरबांधणीची परवानगी देताना भूकंपाच्या पट्ट्या आराखड्यात आहेत का, एवढे तरी पाहा. आणि नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने गवंड्याला पहिला प्रश्न हा विचारावा, की पट्टी घालणार ना? या दरीचा तडा बुजवणे कोणाच्याही हातात नाही. आपले घर त्याला पुरून उरेल असे बांधणे मात्र आपल्याच हातात आहे, आणि ते पुढच्या धक्क्याच्या आधी व्हायला हवे.